मोलोकाईचे संग्रहालय आणि तुवरकाचा प्रवास

हवाई द्वीपसमूहातील मोलोकाई हे सुमारे ६१ किलोमीटर लांब व १६ किलोमीटर रुंद असे बेट आहे. लोकवस्ती अवघी सात हजारांच्या आसपास. प्रवाशांचा ओघ ओआहू व माउई या बेटांकडे असतो. मोलोकाईकडे फारसे कोणी वळत नाही. तथापि आपल्या वाचकांपैकी कोणास अमेरिकेतील आप्तांकडे गेल्यावर हवाईस जाण्याचा योग आला, तर या बेटावरील कालाए येथील छोट्या संग्रहालयासाठी एक दिवस अवश्य राखून ठेवावा. संहितांतील इक्षुवर्ग तेथे यंत्ररूपाने पाहावयास मिळतो, आणि तुवरकाच्या इतिहासाचे एक दुःखद पर्व तेथून थोड्याच अंतरावर डोळ्यांसमोर उभे राहते.

या संग्रहालयातील मुख्य वास्तू म्हणजे १८७८ साली उभारलेली साखरेची गिरणी. तिचा मालक रुडॉल्फ विल्हेल्म मायर हा जर्मन भूमापक १८५०च्या सुमारास मोलोकाईस आला व कालामा या हवाईयन स्त्रीशी विवाह करून तेथेच स्थायिक झाला. गिरणी जेमतेम दशकभर चालली. पुढे पडीक झालेल्या या वास्तूचा जीर्णोद्धार करण्यात आला. खेचरांनी फिरवावयाचा चरक, रस निवळण्याची तांब्याची पात्रे, रस आटविण्याची रेडवूड लाकडाची पात्रे आणि वाफेचे इंजिन ही सामग्री तेथे आहे. कोल्हापूरकडील गुऱ्हाळ ज्यांनी पाहिले आहे त्यांना यातील पहिला अर्धा भाग समजावून सांगावा लागणार नाही. (ऊस पिळण्याच्या यंत्रास आपण ‘चरक’ म्हणतो, हा योगायोग वैद्यांना मौजेचा वाटेल.) सुश्रुताचार्यांनी फाणित, गुड, मत्स्यण्डिका, खंड व शर्करा असा क्रम देऊन उत्तरोत्तर निर्मलतेबरोबर शैत्यादी गुण वाढतात असे म्हटले आहे. हा श्लोक आपण सर्वांनी पाठ केलेला असतो. परंतु एका छपराखाली रसापासून साखरेपर्यंतच्या पायऱ्या ओळीने पाहिल्या म्हणजे ‘संस्कार’ या शब्दाचा अर्थ अधिक स्पष्ट होतो. दातांनी चावून घेतलेला रस अविदाही व यंत्राने पिळलेला विदाही, हा भेदही चरकातून साल व पेरांसकट निघणारा रस डोळ्यांपुढे आणला की सहज पटतो.

ऊस मात्र मायरने आणलेला नव्हे. युरोपीय जहाजे १७७८ साली तेथे पोहोचण्याच्या कित्येक शतके आधी पॉलिनेशियन दर्यावर्दींनी आपल्या होड्यांतून तो नेला होता. त्यांनी बरोबर नेलेल्या वनस्पतींची यादी आपल्याला आश्चर्यकारकरीत्या परिचित वाटते : हळद (ओलेना), अळू (कालो), नारळ, आणि नोनी, म्हणजे आपल्याकडील बारतोंडी. तेथील पारंपरिक वैद्य, ज्यांना काहुना लापाआउ म्हणतात, कडू औषधाबरोबर उसाचा रस देत असत. त्यास अनुपान म्हणावयास हरकत नसावी. कर्णशूलावर हळदीच्या कंदाचा रस कानात घालण्याचा प्रघातही होता. यावरून कोणी कोणाकडून शिकले, असे अनुमान काढण्याची घाई करू नये. समान द्रव्य हाती आलेल्या दोन समाजांनी स्वतंत्रपणे त्याचे गुण ओळखले, एवढे म्हणणेही थोडे नाही.

संग्रहालयापासून रस्ता पुढे पालाआऊ उद्यानात जाऊन संपतो. तेथील कड्यावरून सुमारे ५०० मीटर खाली समुद्रात शिरलेली एक सपाट भूशिरा दिसते. हेच कालाऊपापा. मायरची दुसरी ओळख येथे समजते : आरोग्य मंडळाचा प्रतिनिधी म्हणून या कुष्ठवसाहतीची व्यवस्था त्याने अनेक वर्षे पाहिली.

राजा कामेहामेहा पाचवा याच्या राजवटीत १८६५ साली कुष्ठरुग्णांना सक्तीने वेगळे ठेवण्याचा कायदा झाला आणि ६ जानेवारी १८६६ रोजी नऊ पुरुष व तीन स्त्रिया असे पहिले बारा रुग्ण या भूशिरेवर उतरविले गेले. हे धोरण १९६९ पर्यंत चालले. त्या काळात सुमारे ८,००० माणसे तेथे पाठविली गेली. त्यांतील बहुसंख्य मूळ हवाईयन होती. तेथे जन्मलेली मुले आईपासून दूर नेली जात. हवाईयन लोकांनी या व्याधीस जे नाव दिले, त्याचा अर्थ ‘ताटातूट करणारा रोग’ असा आहे. निदानशास्त्राच्या कोणत्याही ग्रंथात व्याधीचे नामकरण लक्षणांवरून किंवा दोषांवरून होते. येथे ते शासनाने केलेल्या उपाययोजनेवरून झाले! अनेक निरोगी पती, पत्नी व आप्त रुग्णांच्या सेवेसाठी स्वेच्छेने त्यांच्याबरोबर गेले. त्यांना ‘कोकुआ’ म्हणत. १८७३ साली आलेल्या व १८८९ साली त्याच व्याधीने निधन पावलेल्या फादर डेमियन यांचे नाव जगास ठाऊक आहे; कोकुआंपैकी बहुतेकांची नावे मात्र कोणास ठाऊक नाहीत.

आता तुवरकाकडे वळू. आयुर्वेदातील ‘कुष्ठ’ ही संज्ञा बरीच व्यापक असून आजचा कुष्ठरोग हा तिचा केवळ एक अंश आहे, हे प्रथम ध्यानात घ्यावे. सुश्रुताचार्यांनी चिकित्सास्थानाच्या तेराव्या अध्यायात पश्चिम समुद्रतीरावरील तुवरक वृक्षाचे वर्णन केले आहे. पावसाळ्याच्या आरंभी फळे आणून मज्जेचे तेल काढावे, ते पंधरा दिवस गोमयचूर्णात ठेवावे व मग पाच दिवस पाजावे. या तेलाने ऊर्ध्व व अधः अशा दोन्ही मार्गांनी दोष बाहेर पडतात. आपल्या कोकणात व सह्याद्रीत कडू कवठ म्हणून ओळखला जाणारा वृक्ष तो हाच, असे सामान्यतः मानले जाते. त्याच कुलातील चालमुगरा तेलाची माहिती कलकत्त्याच्या डॉ. मोएट यांनी १८५४ साली पाश्चात्त्य वैद्यकापुढे मांडली.

पुढील अडचण कल्पनेची, म्हणजे औषधाच्या स्वरूपाची होती. शोधनात वमन हे इष्ट असते. परंतु तेच तेल महिनोन्‌महिने शमनासारखे द्यावयाचे म्हटले की मळमळ असह्य होते. सुईने दिले तर ते दाट तेल त्वचेखाली साचून गळवे होत. हवाईच्या महाविद्यालयातून १९१५ साली रसायनशास्त्राची उच्च पदवी घेतलेल्या ॲलिस ऑगस्टा बॉल या कृष्णवर्णीय तरुणीने तेलातील मेदाम्लांची इथिल एस्टरे वेगळी केली व शरीरात शोषले जाईल असे सूचिवेधाचे औषध सिद्ध केले. होनोलुलूच्या कालिही रुग्णालयातून या उपचाराने अनेक रुग्ण घरी गेले. ३१ डिसेंबर १९१६ रोजी, वयाच्या अवघ्या चोविसाव्या वर्षी, बॉल यांचे निधन झाले. त्यांचे काम महाविद्यालयाचे प्रमुख आर्थर डीन यांनी पुढे चालविले, पण श्रेय बॉल यांना दिले नाही. डॉ. हॉलमन यांनी १९२२ साली ‘बॉल पद्धती’ असा उल्लेख केला नसता, तर ते नाव कदाचित बुडालेच असते.

‘कुष्ठावरील औषध जगाला आम्ही दिले’ असे विधान आपल्या परिषदांतून अधूनमधून ऐकू येते. ते अर्धेच खरे आहे. द्रव्य आपल्या ग्रंथांत होते; त्याची उपयुक्त कल्पना तेथे सिद्ध झाली; आणि तरीही घरी गेलेल्यांपैकी काहींना व्याधी पुन्हा जडला. निर्णायक बदल १९४६ साली सल्फोन औषधे कालाऊपापास पोहोचल्यावरच झाला. आज बहुऔषधोपचार उपलब्ध असताना संशयित रुग्णास केवळ तुवरकावर ठेवणे समर्थनीय नाही.

कालाऊपापात उतरण्यास राज्याच्या आरोग्य विभागाची पूर्वानुमती लागते व सोळा वर्षांखालील मुलांना प्रवेश नाही. कड्यावरून मात्र कोणासही पाहता येते. परतीच्या वाटेवर होनोलुलूस थांबणाऱ्यांनी हवाई विद्यापीठाच्या बॅकमन सभागृहाजवळील चालमुगऱ्याचे झाड पाहावे. ॲलिस बॉल यांच्या नावाचा फलक २००० साली तेथे लावण्यात आला.