परकी भाषा, आपली भाकर

बारावीचा निकाल लागला की वसई-विरार भागातल्या आपल्या वस्त्यांमधून एकच चर्चा सुरू होते. सायन्सवाल्याने इंजिनिअरिंगला जायचे, कॉमर्सवाल्याने बी.कॉम. करून बँकेच्या परीक्षांना बसायचे; आर्ट्सला गेलेल्याचे मात्र काय करायचे हे कुणालाच ठाऊक नसते. "आर्ट्सला गेला म्हणजे वाया गेला," असे आईवडील पोरासमोरच बोलून दाखवतात. कचेरी सुटल्यावर समाजकार्याच्या निमित्ताने आम्ही घरोघरी जातो. तेव्हा हा विषय निघतोच. त्यात अलीकडे एका नव्या प्रश्नाची भर पडली आहे. "दादा, पोरगी जर्मन शिकते म्हणते. त्याने पोट भरेल काय?"

या प्रश्नाला हसण्यावारी नेणे बरे नव्हे. ज्या घरात एकाच्या पगारावर पाच माणसे जेवतात, त्या घराने चुकीच्या शिक्षणावर तीन वर्षे घालवली तर ती भरून निघत नाहीत. म्हणून या विषयाचा हिशेब नीट मांडावा असे आम्हांला वाटले.

भाषा कुणाच्या मालकीची नसते

परकी भाषा म्हटले की आपला माणूस बिचकतो. पण आपण वसईकर आहोत हे विसरू नये. १५३४ ते १७३९ अशी दोनशे वर्षे इथे पोर्तुगीजांचा अंमल होता. ते गेले, पण त्यांचे शब्द आपल्या घरात राहिले. सकाळचा पाव, भाजीतला बटाटा, मोरीतली बादली, दाराची चावी आणि बिजागरी, बिगाऱ्याच्या डोक्यावरचे घमेले, आणि ज्याची आपण महिनाभर वाट पाहतो तो पगार, हे सगळे शब्द पोर्तुगीज भाषेतून आलेले. आपल्या आजीला पोर्तुगीज येत नव्हते, पण तिचा संसार या शब्दांवाचून चालत नव्हता.

त्याही मागे जाऊ. आपल्या नालासोपाऱ्याला सम्राट अशोकाच्या शिलालेखाचे तुकडे सापडले. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी इथे उत्खनन केले, स्तूप उजेडात आणला. आठव्या शिलालेखाचा तुकडा तेव्हाच मिळाला. पुढे १९५६ मध्ये भुईगावला नवव्या लेखाचा तुकडा मिळाला. हे लेख ब्राह्मी लिपीत आणि लोकांच्या प्राकृत बोलीत आहेत. याच अशोकाने अफगाणिस्तानातील कंदहारला लेख कोरला तो मात्र ग्रीक आणि अरामी या दोन भाषांत, कारण तिथली प्रजा त्या भाषा बोलत होती. हा लेख १९५८ साली सापडला. म्हणजे बावीसशे वर्षांपूर्वी सरकारी हुकुमाचा अनुवाद करणारी माणसे राज्याच्या कामाला होती. आज आपण ज्याला 'ट्रान्सलेटर' म्हणतो, त्याचा धंदा इतका जुना आहे.

आणि बाबासाहेबांचे उदाहरण तर घरचेच. एल्फिन्स्टन हायस्कुलात त्यांना संस्कृत शिकू दिले नाही, म्हणून फारसी घ्यावी लागली. पण जी भाषा अडवली गेली तिच्यापाशी ते थांबले नाहीत. कोलंबिया विद्यापीठात असताना त्यांनी फ्रेंच व जर्मनचे पाठ घेतले. १९२०च्या दशकात बॉन विद्यापीठात शिकण्यासाठी त्यांनी खटपट केली ती जर्मन भाषेत पत्र लिहून. पुढे पाली शिकून त्यांनी पालीचे व्याकरण व शब्दकोश सिद्ध केला. भाषा ही कुणाच्या जातीची मालमत्ता नाही हे त्यांनी करून दाखवले.

आणखी एक गोष्ट. इंग्रजीच्या बाबतीत कॉन्व्हेंटचे मूल आणि नगरपालिकेच्या शाळेतले मूल यांत दहा वर्षांचे अंतर पडलेले असते. जर्मनच्या किंवा जपानीच्या पहिल्या वर्गात मात्र दोघेही 'माझे नाव अमुक' इथूनच सुरुवात करतात. शिकवताना इंग्रजीचा आधार घेतात, तेवढी मेहनत आपल्या मुलाला जास्त पडेल. पण शर्यतीची रेघ सर्वांना जवळपास सारखी, असे विषय फार थोडे आहेत.

शिकायचे कुठे?

आपल्याला सर्वांत जवळचे म्हणजे मुंबई विद्यापीठाचे कालिन्यातील विद्यानगरी संकुल. तिथे जर्मन, फ्रेंच, रशियन या भाषांचे स्वतंत्र विभाग आहेत. विरारहून फास्ट लोकलने अंधेरी, तिथून स्लो गाडीने सांताक्रूझ आणि पुढे बस, असा रोजचा प्रवास आहे. इथली वाट पायरीपायरीने जाते: आधी सर्टिफिकेट, मग डिप्लोमा, पुढे वरचा डिप्लोमा आणि एम.ए. यातले सुरुवातीचे वर्ग अर्धवेळ असतात, म्हणून बी.ए. किंवा बी.कॉम. चालू ठेवून ते करता येतात. पुण्याला फर्ग्युसन कॉलेज रस्त्यावरील रानडे इन्स्टिट्यूटच्या आवारात सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग आहे. तिथे जपानीही शिकवतात.

ज्यांना पूर्णवेळ पदवीच भाषेत करायची आहे त्यांनी दोन केंद्रीय विद्यापीठांची नावे लिहून ठेवावीत: दिल्लीचे जवाहरलाल नेहरू विद्यापीठ आणि हैदराबादचे इंग्रजी आणि परदेशी भाषा विद्यापीठ. बारावीनंतर प्रवेश परीक्षा देऊन तिथे परकीय भाषेची बी.ए. करता येते, ती भाषा आधी येत नसली तरी. केंद्रीय विद्यापीठांत अनुसूचित जातींसाठी १५ टक्के जागा राखीव असतात, आणि १९९०च्या दुरुस्तीपासून बौद्धांनाही त्यांचा हक्क आहे. मात्र जातीचा दाखला केंद्राच्या नमुन्यातला लागतो. तो ऐन प्रवेशाच्या वेळी धावपळ करून मिळत नाही. अकरावीतच काढून ठेवावा. शिक्षण चालू असताना मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. पुढे परदेशातील नामांकित विद्यापीठात प्रवेश मिळालाच तर राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे.

विद्यापीठाबाहेर जर्मनसाठी काळाघोडा येथील मॅक्समुल्लर भवन आणि फ्रेंचसाठी आलियान्स फ्रान्सेझ या संस्था नावाजलेल्या आहेत. त्यांची फी विद्यापीठापेक्षा बरीच जास्त, पण परीक्षेला जगभर मान. युरोपीय भाषांच्या सहा पायऱ्या ठरलेल्या आहेत: ए-१ पासून सी-२ पर्यंत. जपानीच्या पाच: एन-५ सर्वांत सोपी, एन-१ सर्वांत अवघड, ही परीक्षा मुंबईतही होते.

नोकऱ्या कोणत्या?

इथे आम्ही स्पष्ट बोलतो. नुसत्या सर्टिफिकेटवर नोकरी मिळत नाही. ए-१ झालेला मुलगा दुकानात वस्तूची किंमत विचारू शकतो, इतकेच. कंपन्या निदान बी-२ मागतात, आणि तिथवर पोचायला जर्मनच्या साधारण ६०० ते ८०० तासिका लागतात. म्हणजे नेटाने दीड-दोन वर्षे. जपानीचे तर विचारूच नका. तिथे दोन वर्णमाला, आणि वर रोजच्या वापरासाठी ठरवलेली २,१३६ चित्राक्षरे आहेत.

ही मजल मारली तर वाटा बऱ्याच आहेत. आयसीएसई व आंतरराष्ट्रीय शाळांना फ्रेंच-जर्मनचे शिक्षक लागतात. त्यासाठी पदवीबरोबर बी.एड. केलेले बरे. पर्यटन, विमान कंपन्या, मोठी हॉटेले यांना भाषा जाणणारे लागतात. परराष्ट्र मंत्रालयात दुभाषे असतात, आणि परराष्ट्र सेवेत निवड झालेल्या अधिकाऱ्यालाही एक परकी भाषा शिकावीच लागते.

पण आमच्या मते आपल्या मुलांसाठी सर्वांत व्यवहाराची वाट म्हणजे हातात एक कौशल्य आणि जोडीला भाषा. आम्ही स्वतः बी.कॉम. आहोत, कचेरीत आकडेमोड करतो, म्हणून हे आम्हांला चांगले कळते. युरोपातल्या कंपन्यांची बिले, हिशेब, ग्राहकांच्या तक्रारी यांचे काम मुंबई, पुणे, बंगळूर येथील कचेऱ्यांत चालते. तिथे जर्मन येणारा बी.कॉम. आणि न येणारा बी.कॉम. यांच्या पगारात फरक पडतो. डिप्लोमा इंजिनिअरला जर्मन येत असेल तर चाकणचे जर्मन मोटारींचे कारखाने आहेत. नर्सिंग केलेल्या मुलीला जर्मनीत पूर्ण परिचारिका म्हणून मान्यता मिळवायला साधारण बी-२ लागते. आणि मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेन जपानी तंत्रावर उभी राहत आहे. तिची विरार आणि बोईसर ही दोन स्थानके आपल्याच जिल्ह्यात आहेत. जपानी आले म्हणजे तिथे नोकरी लागलीच असे नव्हे, पण जपानी येणारा तंत्रज्ञ रांगेत पुढे राहील.

देशी भाषेतील सरकारी नोकरी

परकी भाषेच्या नादात घरची वाट विसरू नये. केंद्र सरकारच्या कचेऱ्यांत हिंदी-इंग्रजी अनुवादाचे काम असते. त्यासाठी कर्मचारी निवड आयोग दरवर्षी परीक्षा घेतो. हिंदी किंवा इंग्रजीत एम.ए., पदवीला दुसरी भाषा, शिवाय अनुवादाचा डिप्लोमा अथवा दोन वर्षांचा अनुभव अशी पात्रता आहे. कनिष्ठ अनुवाद अधिकाऱ्याचे मूळ वेतन सातव्या वेतन आयोगानुसार ३५,४०० रुपये. वयोमर्यादा ३०, आपल्याला ५ वर्षांची सवलत. सरकारी बँकांत राजभाषा अधिकारी असतात. राज्यात भाषा संचालनालय आणि उच्च न्यायालय यांनाही मराठी-इंग्रजी अनुवादक लागतात. हिंदीची एम.ए. करणारी मुले आपल्यात पुष्कळ. या परीक्षेचा अर्ज भरणारी फार थोडी.

सावध राहावे अशा गोष्टी

फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. पहिल्या टप्प्यात १०,००० तरुण पाठवण्याचे ठरले. हे ऐकून अनेक घरांत आशा निर्माण झाली. पण करार म्हणजे नेमणूकपत्र नव्हे. "सहा महिन्यांत जर्मनी, नोकरीची हमी" असे सांगून आगाऊ पैसे मागणाऱ्या दलालापासून दूर राहा. परदेशी नोकरभरती करणाऱ्या एजंटाला १९८३च्या कायद्याप्रमाणे केंद्र सरकारकडे नोंदणी करावी लागते. नोंदणी क्रमांक मागा. तो ई-मायग्रेटवर तपासता येतो. बायकोचे मंगळसूत्र गहाण टाकून कुणाच्या हातात पैसे देऊ नका.

दुसरी गोष्ट यंत्राची. आता मोबाईलसुद्धा भाषांतर करतो, मग शिकायचे कशाला, असे मुले विचारतात. प्रश्न रास्त आहे. साधी पत्रे, माहितीपत्रके यांचे काम यंत्राने खाल्ले आहे आणि आणखी खाईल. पण कोर्टाचा कागद, औषधाची सूचना, दोन कंपन्यांचा करार यांत एक शब्द चुकला तर जबाबदारी माणसाला घ्यावी लागते. म्हणून अर्धवट शिकणाऱ्याला यापुढे वाव कमी आहे. पूर्ण शिकणाऱ्याला आणि सोबत एखादा विषय जाणणाऱ्याला आहे.

आपले साहित्य जगात कुणी नेले?

शेवटी भाकरीपलीकडची एक गोष्ट. दया पवारांचे 'बलुतं' १९७८ साली आले. ते फ्रेंच वाचकांपर्यंत १९९० मध्ये नेले गी प्वातवँ यांनी. हा फ्रेंच माणूस पुण्यात राहून मराठी शिकला. बेबीताई कांबळे यांचे 'जिणं आमुचं' फ्रेंचमध्ये त्यांनीच नेले, आणि २००८ मध्ये माया पंडित यांनी ते इंग्रजीत आणले. या मंडळींचे आपल्यावर उपकार आहेत. पण आपल्या आईचे बोलणे, वस्तीतला शब्द, त्यातली कळ ज्यांना जन्मापासून ठाऊक आहे, अशा आपल्या लेकरांनी हे काम केले तर? फ्रेंच, जर्मन, जपानी जाणणारी आपली मुले तयार झाली, तर आपली गोष्ट सांगायला दुसऱ्याची वाट पाहावी लागणार नाही.

तेव्हा आईवडिलांना आमचे सांगणे एवढेच. मुलगी भाषा शिकते म्हणाली तर तिला उडवून लावू नका. आणि डोळे मिटून पैसेही भरू नका. आधी एक वर्ष कॉलेज सांभाळून विद्यापीठाचे सर्टिफिकेट करू द्या. गोडी लागली, गुण चांगले पडले, तर पुढचा खर्च करा. नाही लागली, तर पदवी हातात आहेच. मुलगी रात्रीच्या विरार लोकलने उशिरा परतते म्हणून शिक्षण बंद करू नका. स्टेशनवर न्यायला भाऊ जाऊ शकतो, बाप जाऊ शकतो. आणि गाडीतला तो तास-सव्वा तास वाया जात नाही. पाच नवे शब्द विरारला पाठ करायला घेतले तर अंधेरी येईपर्यंत ते तोंडात बसतात.

जयभीम!