मिठीला नागपुरी माप लावू नका

नागपूरच्या मिहानमधल्या ऑफिसांत पावसाळ्यात मुंबईचा विषय निघाला, की मिठी नदीवर ठरलेले शेरे ऐकू येतात. त्यातला लाडका शेरा म्हणजे, ‘ती कुठली नदी, नाला आहे तो!’ आपली सवय लांब पल्ल्याची. आपल्या नाग नदीचं पाणी कन्हान, वैनगंगा, प्राणहिता, गोदावरी करत बंगालच्या उपसागरापर्यंत जातं. मिठीचा सारा प्रवास जेमतेम १८ किलोमीटरचा. पण ती साष्टी बेटावर वाहते, आणि बेटावर समुद्र फार लांब नसतोच. दहिसर, पोईसर, ओशिवरा या तिच्या शेजारणीही अशाच आखूड. नदी किलोमीटरवर ठरत नाही. तिला स्वतःचं पाणलोट क्षेत्र आहे, डोंगरातून खाडीपर्यंत वाट आहे, ती नदीच.

ती विहार तलावातून ‘उगम पावते’ हेही अर्धवटच. तलाव नंतरचा. वाढत्या मुंबईला पाणी हवं म्हणून इंग्रजांनी खोऱ्याच्या वरच्या अंगाला बांध घातला, १८६० मध्ये विहार तयार झाला. पवई आणखी तीसेक वर्षांनी. वरचं पाणी तिथंच अडलं. आता तलाव भरून वाहिले तरच ते खाली येतं. उन्हाळ्यात पुलावरून दिसतं ते बहुतेक सांडपाणी, आणि त्यावरूनच लोक तिला नाला म्हणून मोकळे होतात.

सगळ्यात पक्का समज गाळाचा: गाळ काढला की पूर टळला. गाळ काढायलाच हवा, वादच नाही. पण २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला. नागपुरात अख्ख्या वर्षाला पडतो हजार-अकराशे! त्याच दुपारी समुद्राला ४.४८ मीटरची भरती होती. भरतीला माहीमच्या खाडीतून खारं पाणी नदीत उलटं चढतं, आणि वरून आलेला लोंढा जागच्या जागी तुंबतो. त्यात विमानतळापाशी नदीला काटकोनात वळवून धावपट्टीखालून काढलेलं, आणि पाणी पसरायची काठची दलदल भराव टाकून वांद्रे-कुर्ला संकुलाला दिलेली. एवढं सगळं एकट्या गाळाच्या माथी मारणं सोयीचं आहे, खरं नाही.

भरती नाही म्हणून आपण सुटलो, असंही नव्हे. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरातला अंबाझरी तलाव ओसंडला आणि नागेचं पाणी घराघरांत शिरलं. पण इथं पाऊस थांबला की पाणी उतरू लागतं. मिठीकाठी ओहोटीचीही वाट पाहावी लागते. तेव्हा पावसाळ्यात मुंबईला कामाला जाणार असाल, तर हवामानाच्या अंदाजासोबत भरतीची वेळही बघून निघा.