बॅलेची शाळा आणि नारायणगावचा फड

मुंबईत तुषना डॅलस यांनी १९६६ साली बॅलेची शाळा काढली. आईचे काम पुढे कन्या खुशचेहेर यांनी हाती घेतले. एका घराने दोन पिढ्या कला जपली म्हणून या शाळेचे कौतुक होते, आणि ते व्हायलाच हवे. आमचे दुखणे वेगळे आहे.

चाकणवरून नाशिक रस्त्याने राजगुरुनगर, मंचर ओलांडले की नारायणगाव लागते. तिथेही एका घराने चालवलेली नृत्याची शाळाच होती. भाऊ-बापू मांग नारायणगावकरांचा तमाशा! भाऊंच्या कन्या विठाबाई तिथेच घडल्या आणि विठाबाईंच्या कन्या मंगला बनसोडे यांनी पुढे स्वतःचा फड उभा केला. पण याला शाळा कोण म्हणणार? मातंगांचा तो फड आणि त्यातली बाई नाची!

दिवस भरलेल्या विठाबाई नाचता नाचता पडद्यामागे गेल्या, बाळंत झाल्या आणि पुन्हा प्रेक्षकांसमोर उभ्या राहिल्या, हे महाराष्ट्र अभिमानाने सांगतो. आम्हाला यात अभिमानासारखे काही दिसत नाही. चाकणच्या कारखान्यातल्या बाईला कायद्याने बाळंतपणाची पगारी रजा आहे. फडातल्या बाईला काय होते? राष्ट्रपती पुरस्कार मिळालेल्या विठाबाई २००२ साली गेल्या, त्या हलाखीत.

बॅले तरी कुठे सोवळ्यात जन्मला? एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या ऑपेरात गरिबांच्या पोरी नाचत आणि धनदांडगे पडद्यामागे त्यांच्याभोवती घोटाळत. चित्रकार दगा यांनी १८८१ साली जिचा पुतळा मांडला ती मारी व्हान गोथेम धोबिणीची मुलगी. रशियाची ॲना पाव्हलोव्हाही धोबिणीचीच. पण १८९१ साली पाव्हलोव्हाला झारच्या नृत्यशाळेत प्रवेश मिळाला. राहणे, जेवण, शिक्षण सारे सरकारी, आणि पुढे सरकारी रंगभूमीवर नोकरी. पॅरिसच्या ऑपेरातल्या नर्तकांना बेचाळिसाव्या वर्षी निवृत्तिवेतन मिळते. आमच्या कलावतीला मिळाला तो फेटा उडवणारा रसिक.

पठ्ठे बापूरावांच्या तमाशाचा पैसा बाबासाहेबांनी नाकारला, ही आठवण चळवळीत सांगितली जाते. आम्ही ती विसरलेलो नाही. आमच्या लेकींनी पुन्हा फडात उभे राहावे, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. जातीने गळ्यात बांधलेले नाचणे वेगळे; शाळा-कॉलेज करून, आवडीने नृत्य शिकणे वेगळे. त्या दुसऱ्या वाटेवर आमच्या पोरांसाठी दार कुठे आहे, एवढाच आमचा सवाल आहे.

मुंबईत येहुदा माओर या इस्रायली गुरूने टॅक्सीचालकाचा मुलगा मनीष चौहान आणि वेल्डरचा मुलगा अमिरुद्दीन शाह यांना बॅले शिकवला. २०१७ साली अमिरुद्दीन लंडनच्या रॉयल बॅले स्कूलमध्ये पोचला. भोसरी-चाकण पट्ट्यात वेल्डरांची पोरे कमी आहेत काय? पण गुरू भेटण्याच्या योगायोगावर किती पोरांनी विसंबायचे? पिंपरी-चिंचवड महापालिकेने आपल्या शाळांतच नृत्याचे मोफत वर्ग चालवावेत. बॅले शिकवा, लावणीही शिकवा. आणि लावणी शिकवायला नारायणगावच्या फडांतल्या जुन्या बायांना महिन्याच्या पगारावर नेमा. पदवीची अट मात्र घालू नका, कारण त्यांची शाळा कुणी शाळा म्हणून मोजलीच नव्हती.