लाभांशाचा दर आणि लाभांशाचा इतिहास

एखाद्या कंपनीने '२९० टक्के लाभांश' जाहीर केल्याचे वृत्त वाचून सामान्य वाचक चकित होतो. ठेवीवरील व्याजाचे एक आकडी दर ज्याच्या परिचयाचे आहेत, त्याला ही किमया वाटावी यात नवल नाही. वस्तुतः ही टक्केवारी समभागाच्या दर्शनी मूल्यावर काढलेली असते. दर्शनी मूल्य १० रुपये असेल, तर २९० टक्के म्हणजे समभागामागे २९ रुपये. परंतु समभाग विकत घेणारा दर्शनी मूल्य नव्हे, तर बाजारभाव मोजतो. म्हणून त्याच्या दृष्टीने खरा प्रश्न असा, की मोजलेल्या किमतीच्या मानाने वर्षाकाठी किती रक्कम हाती आली? वर्षाच्या लाभांशाला किमतीने भागून शंभराने गुणले असता जे उत्तर येते, त्यास लाभांशाचा प्रत्यक्ष परतावा म्हणता येईल.

कोल इंडिया या सरकारी कंपनीचे उदाहरण घेऊ. २०१० साली या कंपनीचे १० रुपये दर्शनी मूल्याचे समभाग २४५ रुपयांना जनतेस विकण्यात आले. जानेवारी २०१४ मध्ये कंपनीने समभागामागे २९ रुपये अंतरिम लाभांश जाहीर केला. २४५ रुपये मोजणाऱ्याला मिळालेला परतावा २९० टक्के नव्हे, तर सुमारे ११.८ टक्के होता.

तोही दरवर्षी मिळेल असे मानणे चुकीचे ठरले असते. आदल्या वर्षी, म्हणजे २०१२-१३ मध्ये, समभागामागे १४ रुपये मिळाले होते. २०१४-१५ मध्ये २०.७० रुपये मिळाले आणि २०१९-२० मध्ये १२ रुपये. २४५ रुपयांच्या खरेदीवर हे परतावे अनुक्रमे ५.७, ८.४ आणि ४.९ टक्के भरतात. २०१३-१४ च्या वाढीचे कारण उघड आहे. त्या वर्षी कंपनीचा एकत्रित नफा सुमारे १५,१०० कोटी रुपये होता, तर लाभांशापोटी १८,३०० कोटींहून अधिक रक्कम वाटली गेली. जे वाटले ते केवळ त्या वर्षाच्या कमाईतून नव्हते; पूर्वसंचितालाही हात घालावा लागला होता. त्या वेळी सुमारे ९० टक्के समभाग केंद्र सरकारकडे असल्याने या रकमेचा मोठा वाटा सरकारी तिजोरीत गेला. साठवणीतून दिलेले दान दरसाल देता येत नाही.

परताव्याचा आकडा आणखी एका प्रकारे फसवू शकतो. २०० रुपयांच्या समभागावर १० रुपये लाभांश मिळत असेल, तर परतावा ५ टक्के होतो. कंपनीची स्थिती खालावून भाव १०० रुपयांवर आला, की गतवर्षीच्याच लाभांशावर तो १० टक्के दिसू लागतो. येथे उत्पन्न वाढलेले नाही. किंमत घटली आहे, आणि पुढील लाभांशही कदाचित घटणार आहे.

म्हणून केवळ एका वर्षाचा आकडा न पाहता निदान दहा वर्षांचा इतिहास पाहावा. प्रत्येक वर्षाचा अंतरिम व अंतिम लाभांश एकत्र करून तो रुपयांत मांडावा. विशेष लाभांश वेगळा नोंदवावा. मध्यंतरी बक्षीस समभाग दिले असतील किंवा समभागाचे विभाजन झाले असेल, तर जुने आकडे त्या प्रमाणात कमी करून घ्यावेत. एरवी लाभांश घसरल्याचा निष्कारण भास होतो. शेवटी, नफ्यापैकी किती हिस्सा वाटला जातो हे तपासावे. मंदीच्या वर्षांतही, नफ्याच्या मर्यादेत राहून दिलेला लाभांश अधिक भरवशाचा होय.

कायद्याच्या दृष्टीने लाभांश हे व्याज नव्हे. संचालक मंडळ अंतिम लाभांशाची शिफारस करते; भागधारकांची वार्षिक सभा तो कमी करू शकते, वाढवू शकत नाही. जाहीर झाल्यावर तो तीस दिवसांत द्यावाच लागतो, परंतु जाहीर होण्यापूर्वी त्यावर कोणाचा हक्क नसतो. निवृत्तीनंतरचा घरखर्च ज्यांना अशा उत्पन्नावर चालवावयाचा आहे, त्यांनी हा भेद विशेष ध्यानात ठेवावा. मोठा परतावा हे अभिवचन नसते. तो कशामुळे मोठा दिसतो, हे आधी शोधावयास हवे.