कोब्राच्या पोटातली आग

आमच्या डाव्या पोटरीवर बदामाएवढा एक तपकिरी डाग आहे. तो पाहून परवा एका स्नेह्यांनी विचारले, "काय हो, काय चावले?" आम्ही म्हटले, "नाग चावला." स्नेही दचकले, कारण आपल्या बेटावर विषारी साप नाही हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे. पण आम्हांला चावलेला नाग इंग्लंडातला होता, चार चाकांचा होता, आणि तो आमच्या सख्ख्या पुतण्याने स्वतःच्या हातांनी बांधला होता.

कोब्रा हे त्या मोटारीचे नाव. तिच्या दाराखालून धुराचे जाडजूड नळ जातात. उतरताना पोटरी त्या नळाला टेकली की कातडी भाजते, आणि कोब्रावाले त्या भाजण्याला आपसांत 'सर्पदंश' असेच म्हणतात. आम्ही पुतण्याकडे दोन महिने राहायला गेलो होतो. राणीचा राजवाडा पाहावा, नातेवाइकांच्या भेटी घ्याव्यात असा बेत होता. पहिल्याच आठवड्यात हा दंश झाला आणि उरलेले दिवस त्याच्या गॅरेजमध्ये, हाती बॅटरी धरून, जमिनीवर पाठ टेकून गेले. पण तेथे जे शिकलो ते येथे सांगण्याजोगे आहे.

प्रथम या मोटारीची जन्मकथा थोडक्यात सांगतो. लंडनच्या नैर्ऋत्येला थेम्स डिटन येथे ए.सी. कार्स हा लहानसा, जुना कारखाना होता. १९५३ पासून तो 'एस' नावाची दोन माणसांची हलकी, उघडी मोटार बनवीत असे. पुढे तिला ब्रिस्टल कंपनीचे दोन लिटरचे इंजिन मिळाले. पण ते बनणे बंद होऊ लागले. तेव्हा १९६१ मध्ये टेक्सासचा कॅरॉल शेल्बी, ज्याने १९५९ साली ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकली होती, त्याने कारखान्याला पत्र लिहिले की तुमच्या सांगाड्यात आपण अमेरिकन व्ही-८ इंजिन बसवू. १९६२ मध्ये फोर्डचे ४.२ लिटरचे इंजिन बसले, मागून ४.७ लिटरचे आले, आणि १९६५ मध्ये चक्क सात लिटरचे. अस्सल गाड्या साऱ्या मिळून हजाराच्या आसपास निघाल्या. आज त्यांच्या किमती आपल्यासारख्यांनी विचारूसुद्धा नयेत. म्हणून हौशी लोक पोलादी नळ्यांचा सांगाडा आणि फायबरचे अंग विकत घेऊन तिची प्रतिकृती बांधतात. इंग्लंडात अशा गाड्यांत बहुधा रोव्हरचे साडेतीन लिटरचे, ॲल्युमिनियमचे व्ही-८ इंजिन घालतात. पुतण्याने एका जुन्या रेंज रोव्हरमधले काढून आणले होते.

गाडी आदल्या वर्षीच सरकारी तपासणीत उत्तीर्ण होऊन रस्त्यावर आली होती. आम्ही पोहोचलो त्या रविवारी पुतण्याने आम्हांला शेजारच्या गावच्या जत्रेला नेले. मोकळ्या रस्त्यावर गाडी वाऱ्यासारखी धावली. मैदानाच्या फाटकाशी मात्र मोटारींची रांग लागली होती. पाच मिनिटे, दहा मिनिटे, पंधरा मिनिटे झाली. तपमानाचा काटा चढू लागला, पुतण्याचा चेहरा उतरू लागला. शेवटी बोनेटखालून फुस्स आवाज आला आणि वाफेचा लोट उठला. आम्ही घाईने उतरायला गेलो, पाय बाहेर टाकला, आणि पोटरी नळाला टेकली.

एकाच क्षणी दोन्ही गोष्टी झाल्या म्हणूनच आम्हांला त्यांचे नाते कळले. पेट्रोलच्या आगीतून जी शक्ती निघते तिचा ढोबळ हिशेब असा की सुमारे पाव हिस्सा चाकांना मिळतो. एक तृतीयांशाच्या आसपास उष्णता धुराबरोबर नळातून जाते, आणि जवळजवळ तेवढीच रेडिएटरच्या पाण्यातून बाहेर टाकावी लागते. म्हणजे मोटार बांधणारा माणूस खरे तर चालता बंब बांधतो! ही उष्णता कोणत्या वाटेने बाहेर काढायची हे रंग लावण्यापूर्वी ठरवायचे असते. पुतण्याने धुराचे नळ चित्र पाहून निवडले होते आणि रेडिएटर मावेल तो घेतला होता.

आम्ही पाण्यापासून सुरुवात केली. उकळत्या रेडिएटरचे झाकण उघडायला त्याचा एक मित्र धावला होता, त्याला आम्हीच हात धरून मागे ओढले. पोर्ट लुईहून क्युरपिपची चढण चढताना मॉरिस मायनर उकळलेली ज्यांनी पाहिली आहे त्यांना कारण सांगायला नको. रेडिएटरचे झाकण म्हणजे कुकरची शिटी. आपल्या कुकरचे वजन पंधरा पौंडांचा दाब धरते, आणि या झाकणावरही बहुधा तोच आकडा असतो. त्या दाबाखाली पाणी शंभर अंशांऐवजी एकशे वीसच्या आसपास उकळते. झाकण उघडले की दाब गेला आणि पाणी एकदम उकळून वाफेसकट तोंडावर येते. गाडी निवेपर्यंत थांबावे, हाच उपाय.

मग दोष शोधला. कोब्राचे तोंड नागाच्या जबड्यासारखे लंबगोल आणि मोठे आहे, हवा भरपूर आत येते. पण हवा आळशी आहे. रेडिएटरच्या बारीक पट्ट्यांतून जाण्यापेक्षा बाजूच्या फटीतून निसटणे तिला सोपे वाटते. पुतण्याच्या गाडीत रेडिएटरच्या दोन्ही बाजूंना हात जाईल एवढ्या फटी होत्या. आम्ही ॲल्युमिनियमचा पत्रा कापून त्या बुजवल्या, कडांना स्पंजाची पट्टी लावली. तरी अर्धेच काम झाले, कारण आत आलेली हवा बाहेरही गेली पाहिजे. पुढच्या चाकांच्या मागे पंख्यासारखी जी भोके दिसतात, ती अस्सल गाडीत गरम हवा बाहेर जाण्यासाठीच होती. याच्या गाडीत त्यांवर नुसती शोभेची जाळी होती, मागे फायबर बंद! दाराला चौकट आहे आणि मागे भिंत आहे, असा प्रकार. ती भिंत करवतीने कापताना पुतण्याचा जीव वरखाली होत होता.

पंख्याची गोष्ट वेगळी. गाडी वेगात असताना पंख्याची गरज नसते, वाराच त्याचे काम करतो. पंखा हवा तो रांगेत उभे असताना. याने तो रेडिएटरच्या पुढे बसवला होता, म्हणजे हवा ढकलणारा, आणि तोही उघडा. आम्ही तो काढून मागच्या बाजूला, हवा ओढणारा, मोठा पंखा बसवला आणि त्याभोवती पत्र्याची पेटी केली, म्हणजे तो पात्यांपुरतीच नव्हे तर साऱ्या रेडिएटरमधून हवा ओढतो. त्याला वीज भरपूर लागते, म्हणून जाड तार आणि वेगळा रिले पाहिजे. बारीक तारेवर पंखा चालतो, पण दमेकऱ्यासारखा.

सर्वांत चोरटा शत्रू निघाला हवेचा बुडबुडा. कोब्राचे नाक खाली झुकलेले, त्यामुळे रेडिएटरचा माथा इंजिनापेक्षा खाली येतो. पाणी रेडिएटरच्या तोंडातून भरले तर ते भरल्यासारखे दिसते, पण इंजिनाच्या वरच्या भागात हवा अडकून राहते. तेथे पाणी पोहोचत नाही, आणि काटा तर कधीकधी थंडच दाखवतो, कारण तो हवेचे तपमान सांगत असतो. यावर एकच इलाज. सर्वांहून उंच जागी वेगळी टाकी बसवायची, दाबाचे झाकण तिच्यावर ठेवायचे, आणि इंजिनाच्या व रेडिएटरच्या माथ्यापासून बारीक नळ्या तिच्यात आणायच्या. हवा आपोआप वर जाते. या एका दुरुस्तीने जेवढा फरक पडला तेवढा पंख्यानेही पडला नाही.

दोन शब्द आपल्याकडच्या समजुतींबद्दलही. गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून फेकण्याची चाल आपल्या बेटावरही आहे. ती चुकीची. इंजिन ऐंशी-नव्वद अंशांवरच नीट चालते. थंड राहिले तर तेलात पाणी साठते आणि झीज वाढते. दुसरे, आपल्याकडे बर्फ पडत नाही म्हणून गोठणरोधक द्रव नको असे लोक म्हणतात. पण त्या द्रवात गंज रोखणारी द्रव्येही असतात आणि ॲल्युमिनियमच्या इंजिनाला त्यांची फार गरज असते. नुसते नळाचे पाणी घातले तर धातू आतून खाल्ला जातो. मात्र हा द्रव चवीला गोड आणि पोटात गेल्यास प्राणघातक आहे. पुतण्याच्या घरी सहा वर्षांची नात आणि एक मांजर, म्हणून सांडलेला प्रत्येक थेंब आम्ही पुसून काढत होतो.

रेडिएटर तांब्या-पितळेचा की ॲल्युमिनियमचा, यावर काका-पुतण्यांचा वाद झाला. तांबे उष्णता अधिक वाहते हे खरे, पण ॲल्युमिनियमच्या नळ्या रुंद करता येतात आणि वजन कमी होते, त्यामुळे काम दोघांचे जवळपास सारखेच. आमचे मत तांब्याला, कारण गळला तर कुठलाही जुना कारागीर झाळ देऊ शकतो. त्याने ॲल्युमिनियमचा घेतला. असो, गाडी त्याची.

आता धूर. दाराखालच्या नळांवर पुतण्याचा फार जीव. "काका, ते काढले तर कोब्रा राहिलीच कुठे?" आम्ही रात्री पुस्तके चाळली तेव्हा मौज कळली. सात लिटरच्या अस्सल कोब्रांतही बाहेरचे नळ शर्यतीच्या गाड्यांना होते. रस्त्यावर चालवण्यासाठी विकलेल्या बहुतेक गाड्यांचा धूर गाडीच्या पोटाखालून मागे जाई. शर्यतीसाठी बांधलेल्या आणि न खपलेल्या काही गाड्या पुढे रस्त्यासाठी म्हणून विकल्या गेल्या, आणि त्यांच्याच नकला जगभर झाल्या. म्हणजे अस्सलपणाचा मुद्दा आमच्या बाजूला आला.

पोटाखालच्या नळांचा आणखी एक गुण आहे. या व्ही-८ इंजिनात स्फोटांचा क्रम असा असतो की प्रत्येक बाजूच्या चारांपैकी दोन सिलिंडर लागोपाठ पेटतात. त्यामुळे एकेका बाजूचा धूर ठेचकाळत निघतो आणि तो प्रसिद्ध गुरगुराट होतो. नळ खालून नेले तर दोन्ही बाजू एका आडव्या नळीने जोडता येतात, ठेच कमी होते, आवाज मऊ होतो. दाराखालचे नळ गाडीच्या दोन टोकांना, त्यांची भेट होणे नाही. शिवाय त्यांत लांब सायलेन्सरला जागा नसते. आत काचलोकर भरलेली असते, ती कालांतराने जळून उडते आणि आवाज वाढत जातो. इंग्लंडात २००९ पासून अशा एकेकट्या बांधलेल्या गाड्यांची जी तपासणी होते तिची आवाजाची मर्यादा ९९ डेसिबल. याची गाडी ९८ वर सुटली होती, ती लोकर नवी असताना.

पण खालून नळ न्यायचे म्हणजे कष्ट फार. जमिनीपासून अंतर कमी, एखादा उंचवटा आला की नळ घासणार. नळ पायांच्या पेटीजवळून जातो, चालकाचे पाय भाजतात. म्हणून मध्ये हवेची फट ठेवून चकचकीत पत्रा लावला. ब्रेकची आणि पेट्रोलची नळी दुसऱ्या बाजूने फिरवली. स्टेनलेस स्टील गंजत नाही, पण तापल्यावर साध्या लोखंडाहून अधिक वाढते. एक मीटरचा नळ चारशे अंशांनी तापला तर जवळजवळ सात मिलिमीटर लांबतो. शिवाय इंजिन रबरावर डुलत असते. नळ सांगाड्याला घट्ट आवळला तर तो कुठेतरी तडकणारच, म्हणून सगळे टांगणे रबराचे. नळांना कापडी पट्टी गुंडाळण्याचा सल्ला अनेकांनी दिला. साध्या लोखंडावर ती ओल धरून ठेवते आणि नळ कुजवते, म्हणून आम्ही गुंडाळली नाही.

आणि एक गोष्ट सूनबाईंनी लक्षात आणून दिली. नवे नळ जोडल्यावर पुतण्या उत्साहाच्या भरात गॅरेजचे दार बंद ठेवून इंजिन सुरू करायला निघाला होता, शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून! कार्बन मोनॉक्साईडला वास नाही, रंग नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटीने घट्ट चिकटतो. सूनबाई परिचारिका आहेत. त्यांनी एक शब्द न बोलता दार उघडले आणि गाडी ढकलून अंगणात नेईपर्यंत तेथेच उभ्या राहिल्या.

आमच्या परतीच्या आदल्या दिवशी पुतण्याने गाडी काढली. नातीला आमच्या मांडीवर न घेता मागून दुसऱ्या मोटारीतून आईबरोबर यायला सांगितले, कारण कोब्रात आसने दोनच. पुन्हा त्याच मैदानावर काहीतरी प्रदर्शन होते, पुन्हा तीच रांग. वीस मिनिटे उभे होतो. काटा ब्याण्णववर गेला, पंखा घरघरला, काटा अठ्ठ्याऐंशीवर आला. पुन्हा ब्याण्णव, पुन्हा अठ्ठ्याऐंशी. आत पोहोचल्यावर नात धावत आली, चड्डीवरच होती, बापाच्या बाजूने आत चढली आणि आमच्या बाजूने खाली उतरली. मग पुन्हा चढली, पुन्हा उतरली. तिची आई पाहत होती आणि काही बोलली नाही.

घरी येताना पुतण्या म्हणाला, "काका, आवाज जरा कमीच झाला ना?" आम्हांला ऐकू आले नाही असे आम्ही दाखवले.