पिल्लाची परीक्षा की घराची?

इंग्लंड आणि स्कॉटलंड यांच्या सीमेवर चेव्हियट नावाच्या टेकड्या आहेत. झाडे थोडी, गवत भरपूर आणि वारा अखंड. या भागात मेंढ्या पाळणाऱ्या एका शेतकऱ्याच्या कुत्रीला सहा पिल्ले झाली आहेत, असे आपण समजू. पिल्ले सात आठवड्यांची झाली आहेत आणि आणखी आठवड्याभराने ती नव्या घरी जायची आहेत. एक पिल्लू शेतकरी स्वतः ठेवील, एक शेजारचा मेंढपाळ नेईल. उरलेल्या चारांचे काय?

तुम्ही म्हणाल, यात अवघड ते काय? काळ्यापांढऱ्या अंगाचे, लुकलुकत्या डोळ्यांचे पिल्लू कोणीही हसत घेऊन जाईल. ते खरे आहे. घर मिळणे सोपेच असते. पण तेच पिल्लू वर्षभराने ‘हे आम्हांला आवरत नाही’ म्हणून परत येते, किंवा दुसऱ्याच्या गळ्यात बांधले जाते, किंवा अंगणातल्या साखळीला अडकून पडते. असे का होते हे कळण्यासाठी ही कुत्री शेतावर काय करतात ते आधी पाहिले पाहिजे.

डोळ्यांनी हाकणारा कुत्रा

या जातीचे नाव बॉर्डर कॉली. बॉर्डर म्हणजे ही सीमाच. मेंढपाळ दरीत उभा असतो आणि मेंढ्या समोरच्या उतारावर दूरवर विखुरलेल्या असतात. त्याने शीळ घातली की कुत्रा सरळ मेंढ्यांच्या अंगावर जात नाही. मोठा वळसा घेऊन तो त्यांच्या पलीकडे पोचतो. याचे कारण असे की प्रत्येक मेंढीभोवती जणू एक अदृश्य वर्तुळ असते. कुत्रा त्या वर्तुळाबाहेर आहे तोवर ती निवांत चरते. त्याचे पाऊल आत पडताच ती उलट दिशेला सरकते. म्हणून कुत्रा पलीकडून वर्तुळाच्या कडेवर आला की मेंढ्या आपोआप मेंढपाळाकडे चालू लागतात. तो फार आत शिरला तर मेंढ्या उधळतात, फार मागे राहिला तर थांबतात. कडेवर राहण्याचे हे काम तो डोके खाली घालून, पोट जमिनीला टेकेल इतका दबकत आणि नजर मेंढ्यांवर रोखून करतो. भुंकत नाही. भूमितीच्या तासाला कधीही न बसलेल्या प्राण्याचे हे वर्तुळज्ञान पाहून कोणालाही नवल वाटावे.

१८७३ मध्ये वेल्समधील बाला येथे अशा कुत्र्यांच्या कामाची स्पर्धा भरली आणि पुढे या स्पर्धा वाढत गेल्या. १८९३ मध्ये नॉर्थम्बरलंड परगण्यात अ‍ॅडम टेलफर यांच्याकडे ‘हेम्प’ नावाचा कुत्रा जन्मला. त्याचे काम इतके शांत आणि नेमके असे की आसपासचे मेंढपाळ आपल्या कुत्र्या त्याच्याकडे आणू लागले. १९०१ मध्ये तो मेला, पण आजच्या बहुतेक बॉर्डर कॉलींची वंशावळ त्याच्यापर्यंत जाऊन पोचते. त्या काळात कान कसे आहेत, रंग कोणता, याची फिकीर मेंढपाळांना नव्हती. जो काम करील त्याचाच वंश पुढे, एवढाच नियम. शंभराहून अधिक वर्षे असा नियम पाळला की काय होते, हे त्या सात आठवड्यांच्या पिल्लाच्या अंगात लिहिलेले आहे.

साखळीच्या कड्या

लांडगा शिकार करतो तेव्हा त्याच्या हालचालींची एक साखळी असते. सावज हेरणे, नजर रोखणे, दबकत जवळ जाणे, पाठलाग, पकडीचा चावा, जीव घेणारा चावा आणि शेवटी फाडून खाणे. अमेरिकेतील हॅम्पशायर कॉलेजचे जीवशास्त्रज्ञ रेमंड कॉपिंजर (१९३७–२०१७) यांनी कामाच्या कुत्र्यांचा अनेक वर्षे अभ्यास केला. त्यांनी असे मांडले, की निरनिराळ्या कामांसाठी कुत्र्यांची पैदास करताना माणसाने या साखळीच्या काही कड्या भक्कम केल्या, काही ढिल्या केल्या. बॉर्डर कॉलीत नजर, दबकणे आणि पाठलाग या कड्या पक्क्या आहेत. चाव्याच्या कड्या दबलेल्या आहेत. उंदीर-घुशी मारणाऱ्या टेरिअरमध्ये चावा शिल्लक आहे. कळपाची राखण करणाऱ्या कुत्र्यांत मात्र सगळी साखळीच क्षीण झालेली असते.

आपल्याकडच्या धनगरांबरोबरची कुत्री या शेवटच्या प्रकारात बसतात. दख्खनच्या पठारावर मेंढरे हाकतो तो धनगर स्वतः, हातातल्या काठीने आणि तोंडाच्या आवाजाने. कुत्रा कळपाबरोबर चालतो आणि रात्री मेंढरांभोवती जाळीची वाघर लावली की बाहेर पडून लांडग्याची चाहूल घेतो. मेंढरांकडे टक लावून दबकत जाणारा कुत्रा त्याच्या काय कामाचा? दोन्ही कुत्री मेंढ्यांचीच, पण एकाचे काम दुसऱ्याला जमायचे नाही.

कॉपिंजर यांचा आणखी एक मुद्दा आपल्या विषयासाठी फार महत्त्वाचा आहे. या हालचाली कुत्रा बक्षिसासाठी करत नाही. त्या करण्यातच त्याला बक्षीस मिळते. त्यामुळे मेंढ्या नसल्या तरी साखळी गप्प बसत नाही. ती दुसरे काहीतरी शोधते. सायकलचे चाक, रस्त्यावरची मोटार, अंगणात धावणारी मुले. मुले पळू लागली की कुत्रा त्यांना वळसा घालून अडवतो, न थांबल्यास टाचेला दात लावतो. त्याच्या लेखी तो चुकार मेंढरे गोळा करत असतो. आईबापांच्या लेखी तो मुलांना चावणारा कुत्रा ठरतो. काहीच सापडले नाही तर या जातीची काही कुत्री भिंतीवरच्या सावलीमागे किंवा घड्याळाच्या काचेवरून पडलेल्या कवडशामागे तासन् तास लागतात. पाहुण्यांना त्याची गंमत वाटते. ती गंमत नसते. ते बेकारीचे लक्षण असते.

भरीला कुमारवय येते. न्यूकॅसल विद्यापीठातील ल्युसी अ‍ॅशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० मध्ये दाखवून दिले, की पाच महिन्यांचे असताना ‘बस’ म्हटल्यावर बसणारी कुत्री आठ महिन्यांची झाल्यावर आपल्याच माणसाचे ऐकायला कुरकुर करू लागतात, परक्याचे मात्र ऐकतात. ही पाहणी लॅब्रॅडॉरसारख्या शांत कुत्र्यांवर झाली होती. (तुमच्या घरी हा निष्कर्ष वाचून दाखवलात तर आई-वडील नुसते मान डोलावतील.) हा काळ सरतो. पण तो सरेपर्यंत धीर धरील असे घर लागते.

पिल्लू ओळखता येते का?

मग पिल्ले वाटताना नेमके काय पाहावे? पुष्कळ ठिकाणी सात आठवड्यांच्या सुमारास पिल्लांची परीक्षा घेतात. अनोळखी खोलीत सोडतात, चेंडू टाकतात, उताणे धरून ठेवतात, पातेले आपटून आवाज करतात. जे पिल्लू धीट ते शेतावर, जे गरीब ते मुलाबाळांच्या घरात, अशी वाटणी होते. पद्धत सोयीची आहे यात शंका नाही. पण ती खरी ठरते का?

व्हिएन्नातील संशोधकांनी हाच प्रश्न नेमका बॉर्डर कॉलीच्या पिल्लांवर तपासला. त्यांचे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. दोन ते दहा दिवसांची ९९ पिल्ले त्यांनी तपासली. सहा-सात आठवड्यांची असताना १३४ पिल्ले आणि दीड ते दोन वर्षांची झाल्यावर ५० कुत्री तपासली. धीट पिल्लू धीट कुत्रा झाले काय? गरीब पिल्लू गरीब राहिले काय? जवळजवळ कशाचाच मेळ बसला नाही. नवी जागा हुंगून, हिंडून पाहण्याची शोधक वृत्ती तेवढी लहानपणी आणि मोठेपणी जुळलेली आढळली. सातव्या आठवड्यात मेंदूची घडण चालूच असते, हे लक्षात घेतले तर यात आश्चर्य नाही. पहिलीतल्या मुलाची एक दिवस परीक्षा घेऊन त्याला डॉक्टर करायचे की वकील, हे ठरवण्यासारखाच तो प्रकार.

मग जातीवरून तरी सांगता येते का? २०२२ मध्ये अमेरिकेत १८ हजारांहून अधिक कुत्र्यांच्या मालकांना प्रश्न विचारून आणि दोन हजारांहून अधिक कुत्र्यांची जनुके तपासून एक मोठा अभ्यास झाला. कुत्र्याकुत्र्यांच्या वागण्यातल्या फरकांपैकी सुमारे ९ टक्केच जातीने समजावता येतात, असे त्यात आढळले. भित्रेपणा किंवा चिडखोरपणा यांचा जातीशी संबंध फारच थोडा निघाला; माणसाच्या सूचनेला साथ देण्याच्या गुणाचा त्यामानाने जास्त. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका अभ्यासात मेंढपाळी कुत्र्यांच्या जनुकांत मेंदूतील चेतातंतूंची जोडणी कशी व्हावी यासंबंधीचे वेगळेपण दिसून आले. तेव्हा हिशोब असा मांडावा लागतो: हाकण्याचा वारसा पिल्लात बहुधा असणार, पण तो किती आणि पिल्लू स्वभावाने कसे निघेल, हे कोणी छातीठोकपणे सांगू नये. आईबाप पाहावेत. ते शेतावर काम करणारे आहेत की प्रदर्शनात मिरवणारे, पाहुणा आला की पुढे येतात की कोपऱ्यात दडतात, यावरून पिल्लाच्या परीक्षेपेक्षा अधिक कळते, असे माझे मत आहे.

परीक्षा घराची

पिल्लू वाचता येत नसेल, तर जे वाचता येते ते वाचावे. घर वाचता येते. सुज्ञ शेतकरी किंवा सोडलेल्या कुत्र्यांना पुन्हा घर शोधून देणारी संस्था आधी प्रश्न विचारते. दुपारी घरी कोण असते? सर्वांत लहान मूल किती वर्षांचे? पावसात, थंडीत कुत्र्याला कोण फिरवणार? नावानिशी सांगा, ‘आम्ही सगळे’ असे उत्तर आले की कोणीच नाही असे समजावे. कुत्र्याला काम काय देणार?

‘आमचे अंगण मोठे आहे’ हे उत्तर नेहमी मिळते आणि ते सर्वांत फसवे असते. मोकळ्या अंगणात एकटा सोडलेला कॉली व्यायाम करत नाही. तो फाटकाशी बसून येणारीजाणारी वाहने हाकत राहतो. उलट रोज दोन-दोन तास चेंडू फेकणारा हौशी मालकही चुकतो, कारण त्यातून न दमणारा खेळाडू तयार होतो आणि स्वस्थ बसणे शिकायचे राहून जाते. या कुत्र्याला डोक्याने दमावे लागते. दक्षिण कॅरोलिनातील वॉफर्ड कॉलेजचे निवृत्त मानसशास्त्रज्ञ जॉन पिली यांनी ‘चेसर’ या बॉर्डर कॉलीला १,०२२ खेळण्यांची वेगवेगळी नावे शिकवली. तो अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. चेसर पिल्लू म्हणून घरी आली तेव्हा पिली पंचाहत्तरी ओलांडलेले होते. एखाद्याने अर्ज पाहून ‘एवढे वय? नको’ असे म्हटले असते. पण त्यांच्याजवळ रोजचे तास होते, चिकाटी होती आणि कुत्रीला देण्यासारखे काम होते.

देणाऱ्याच्या अंगावरही जबाबदारी असते. मेन राज्यातील बार हार्बर येथे जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी केलेल्या कामातून असे दिसून आले, की साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात पिल्लू जगाशी ओळख करून घेते. तिथेच १९६१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात चौदा आठवडे माणसाचा सहवास न मिळालेली पिल्ले माणसाला कायमची बुजरी झाली. म्हणजे गोठ्याच्या कोपऱ्यात आठ आठवडे वाढलेल्या पिल्लाची ओळखीची निम्मी मुदत घर बदलण्याआधीच वाया गेलेली असते. फार लवकर आईपासून तोडणेही वाईटच. आठ आठवड्यांखालचे पिल्लू विकू नये, असे भारतातील २०१७ च्या नियमांतही सांगितले आहे.

कॉली कुळातील काही कुत्र्यांत एका जनुकातील चार अक्षरे गळालेली असतात. औषधांना मेंदूबाहेर ठेवणारा पंप त्यामुळे काम करत नाही, आणि मेंढ्यांना जंतांवर सर्रास दिले जाणारे आयव्हरमेक्टिन अशा कुत्र्याच्या जिवावर बेतू शकते. बॉर्डर कॉलीत हा दोष क्वचित असतो, लांब केसांच्या कॉलीत पुष्कळ. तपासणी सोपी आहे. तिचा कागद पिल्लाबरोबर द्यावा.

हे सारे परदेशातले म्हणून सोडून देऊ नका. आपल्याकडे बंगल्याच्या फाटकाशी साखळीला बांधलेला अल्सेशियन तुम्ही पाहिला असेल. जर्मनीत १८९९ मध्ये ही जात नोंदली गेली ती मेंढ्यांच्या कुत्र्यांतूनच. दिवसभर त्याच्या येरझाऱ्या आणि भुंकणे चालू असते, आणि मालक अभिमानाने सांगतो, ‘भारी तिखट आहे!’

आता त्या चार पिल्लांकडे परत जाऊ. दोन वर्षांचे जुळे असलेल्या कुटुंबाला शेतकऱ्याने नाही म्हटले आणि ते रागावून गेले. एक पिल्लू अडथळ्यांच्या शर्यतींसाठी कुत्रे तयार करणाऱ्या मुलीकडे गेले, एक निवृत्त पोस्टमनकडे, एक बदके पाळणाऱ्या बाईंकडे. प्रत्येकाकडून लिहून घेतले आहे, की जमले नाही तर पिल्लू इथेच परत आणायचे, दुसऱ्या कोणाला द्यायचे नाही. चौथ्याला अजून घर नाही. बारा आठवडे संपायला चार आठवडे उरले आहेत, म्हणून दर शनिवारी शेतकरी त्याला काखोटीला मारून गावच्या बाजारात नेतो आणि मोटारी, मुले, छत्र्या दाखवून परत आणतो.