छातीतल्या मोठ्या रक्तवाहिन्या: ओळख आणि खबरदारी

छातीत कळ आली की आपल्याकडे पहिला शब्द निघतो, "गॅस झाला असेल." मग ओवा, सोडा, शेक यांत मोलाचा वेळ जातो. म्हणून छातीच्या पिंजऱ्यात काय आहे, हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असले पाहिजे.

धाराशिव शहराला उजनी धरणाचे पाणी येते. पंप, मुख्य जलवाहिनी, तिचे फाटे आणि शेवटी घरचा नळ. शरीराची रचना अशीच आहे. फरक इतकाच, की इथे तेच रक्त फिरून पुन्हा पंपाकडे येते. इंग्लंडचे डॉक्टर विल्यम हार्वे यांनी १६२८ साली ग्रंथ लिहून हे दाखवून दिले.

हृदय हा पंप. स्वस्थ बसलेल्या मोठ्या माणसाचे हृदय मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त ढकलते. त्याच्या डाव्या बाजूने महारोहिणी निघते. ही शरीरातली सर्वांत मोठी रोहिणी, जवळपास इंचभर रुंद. ती आधी वर चढते, काठीच्या मुठीसारखी वळते आणि कण्यालगत पोटात उतरते. वळणावर तिला तीन फाटे फुटतात. त्यांतून डोके, मान आणि दोन्ही हातांना रक्त मिळते.

वापरलेले रक्त दोन महानीला परत आणतात. वरची डोक्याचे व हातांचे, खालची पोटाचे व पायांचे. दोन्ही हृदयाच्या उजव्या बाजूस मिळतात. तेथून फुप्फुस रोहिणी ते रक्त फुप्फुसांत नेते आणि प्राणवायू घेतलेले रक्त चार नीला डाव्या बाजूस आणतात. विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे: हृदयापासून रक्त नेते ती रोहिणी, हृदयाकडे आणते ती नीला. रक्त शुद्ध की अशुद्ध, यावर नाव ठरत नाही.

आता मुख्य गोष्ट. हृदय रक्ताने भरलेले असते, पण त्याचा स्नायू त्या रक्तावर जगत नाही. महारोहिणीच्या मुळाशीच दोन बारीक फाटे फुटतात, त्यांच्यावर तो जगतो. त्यांतला एखादा तुंबला की हृदयविकाराचा झटका येतो. तंबाखू, विडी, मधुमेह आणि वाढलेला रक्तदाब या नळ्या खराब करतात. रक्तदाबाने महारोहिणीची भिंतही कमजोर होते. तिचा आतला थर फाटला, तर छातीतून पाठीत चिरल्यासारखी कळ जाते.

चाळिशीनंतर आरोग्य केंद्रात रक्तदाब तपासून घ्यावा. ऊसतोडीला जाणाऱ्यांनी निघण्याआधी गोळ्यांची सोय करावी. बरे वाटते म्हणून गोळी सोडू नये.

छातीवर दाब, हातात किंवा जबड्यात कळ, दरदरून घाम, धाप, ही खूण दिसताच १०८ ला फोन करावा. महाराष्ट्रात २०१४ पासून ही रुग्णवाहिका मोफत येते. बायकांना कधी कळ न येता नुसती धाप, मळमळ आणि थकवा जाणवतो. तेव्हाही थांबू नये. रुग्णाला चालवू नये, बसवून ठेवावे. गॅस होता की नाही, ते डॉक्टरांना ठरवू द्यावे.